भाऊबिजेची शिडी

कार्तिकातल्या सकाळी त्या घळीच्या तोंडाशी उभे राहिले की सर्वांत आधी वास येतो. चार महिने कोंडून राहिलेल्या पाण्याचा, कातळावर सुकू लागलेल्या शेवाळाचा, वरून गळून पडलेल्या आणि कुजत कुजत माती होऊ घातलेल्या पानांचा; आणि या सगळ्यांच्या तळाशी ज्याला नाव देता येत नाही असा एक गार, आदिम गंध. बाहेर उन्हे आलेली असतात, गवताच्या पिकल्या तुऱ्यांवर दव चमकत असते. पण दोन पावले आत गेले की तो सगळा उजेड, दारात चपला काढून ठेवाव्यात तसा, मागे राहून जातो. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, इतक्या जवळ की हात पसरले तर दोन्ही तळव्यांना गारवा लागावा. आणि मान वर करून पाहावे तर आकाशाची एक निळी चिंधी. पहिल्यांदा मी तिथे उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि ज्यांनी मला वर्गात शिकवताना ऐकले आहे त्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल.

आज मात्र मला बोलायचे आहे, आणि रागाने बोलायचे आहे. ललित लिहिणाऱ्याने रागावू नये असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. त्याने प्राजक्ताच्या सड्यावर लिहावे, संधिप्रकाशावर लिहावे, फार तर स्वतःच्या अंतर्मनातल्या एखाद्या हुरहुरीवर लिहावे. पण आवाज चढवू नये. का चढवू नये? सौंदर्याचे ज्याला खरोखर वेड आहे त्याला, ते सौंदर्य कुणी बुटाखाली घातले तर संताप यायला नको का? राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, असे आमच्या घरात सगळे म्हणतात. आणि भिंगारच्या भाजीबाजारात वजनावरून माझ्याशी वाद घालायला कुणी सहसा धजत नाही. तेव्हा पुढचे सगळे तुम्ही हे लक्षात ठेवूनच वाचा.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रस्ता जिथे दमतो, तिथून थोडे पुढे एक वाडी आहे. वाडीपुढे भाताची खाचरे, खाचरांपुढे माळ, आणि माळ संपतो तिथे जमीनच संपते. सह्याद्रीचा कडा तिथे असा काही तुटला आहे की खाली, कितीतरी खाली, कोकणातली गावे धुक्यात विरघळल्यासारखी दिसतात. घाटावरून त्या गावांत उतरायची जुनी वाट म्हणजेच ही घळ. वाडीतली माणसे तिला नुसती 'नळी' म्हणतात. डोंगराच्या अंगाला पडलेली ती एक अरुंद भेग. आधी गुडघाभर, कुठे कंबरभर गार पाण्यातून चालायचे. मग मध्यावर घराएवढी एक शिळा दोन भिंतींमध्ये अडकून बसली आहे, तिच्याखालच्या भुयारातून अंग चोरून, कधी ओणवे तर कधी चक्क रांगत पलीकडे निघायचे. आणि बाहेर पडावे तो पायांपुढे वाटच नाही! सरळ तुटलेला कातळ. तिथे शिडी लागते. शिडी उतरले की ओढ्याच्या पात्रातून दगडांवरून उतरत उतरत दुपार कलेपर्यंत माणूस कोकणात पोचतो.

या वाडीत माझी हौसाबाई राहते. 'माझी' म्हणण्याचा मला काय अधिकार, असे तुम्ही विचाराल. खूप वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या शिक्षिकांची सहल तिकडे गेली होती, आणि घळीच्या तोंडाशीच माझ्या बुटाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबू लागला. भाताच्या खाचरातून एक बाई आली, काही न विचारता खाली बसली आणि घायपाताच्या वाखाने तिने तो बूट असा बांधून दिला की भिंगारला परत येऊनही मला ती गाठ सोडवेना, कापावी लागली. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी एसटीने तिच्याकडे जाते, तिच्या ओसरीवर झोपते, नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाते. ती मला 'बाई' म्हणते, मी तिला 'हौसाबाई'. ती माझ्याहून थोडी मोठी असावी. तिला स्वतःचे वय ठाऊक नाही आणि त्यावाचून तिचे काही अडलेलेही नाही.

हौसाबाईचे माहेर खाली, घळ जिथे कोकणात उघडते तिथल्या गावात. वाडीतल्या कितीतरी बायका अशा खालून वर आलेल्या आहेत. लेकी वर द्यायच्या, हा त्या गावांचा जुना रिवाज. आणि त्या रिवाजाच्या पोटातच दुसरा एक रिवाज आहे, जो मला आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या रिवाजांहून सुंदर वाटतो. पावसाळ्यात घळ पाण्याने धो धो वाहते आणि शिडी वाहून जाते. दिवाळीच्या तोंडावर पाणी ओसरले की नवी शिडी लावायची, आणि ती लावायची खालच्या गावातल्या भावांनी. कळकाच्या बांबूचे दोन दांडे, त्यांना ऐनाच्या लाकडाच्या आडव्या पायऱ्या, आणि प्रत्येक सांध्याला वाखाची गाठ. भाऊबिजेला बहिणीने उतरून यावे म्हणून भावाने ती बांधायची. आणि भाऊबिजेच्या सकाळी बहिणीचे पाऊल पडेपर्यंत त्या शिडीवर दुसऱ्या कुणी पाय द्यायचा नाही. बहिणीने वर उभे राहून पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहायचे आणि मग उतरायचे. कोणत्या शास्त्रात आहे हे? कुठल्याच नाही. पण भावाने बहिणीला काय द्यावे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर कुणा शास्त्रकाराला सुचले असेल असे मला वाटत नाही.

माझाही एक भाऊ आहे. मिरजगावला हायवेवर त्याचे खतांचे दुकान आहे. तो भाऊबिजेला येतो, नाही असे नाही. पण गाडीतून उतरण्याआधीच त्याला परत जायची घाई असते. ओवाळताना त्याच्या कपाळाला मी कुंकू लावते तेव्हा त्याची नजर मांडीवरच्या मोबाईलवर असते, आणि अक्षता मोबाईलवर पडल्या तर तो त्या फुंकून टाकतो. आणतो काय, तर मिठाईचा एक चकचकीत खोका, जो मी पुढे आणखी कुणाला तरी देते. मी त्याला दर वर्षी बोलते आणि तो दर वर्षी हसतो. गेल्या दिवाळीत मी त्याला कळवून टाकले की यंदा मी भाऊबिजेला घरी नाही, एका भावाने बांधलेली शिडी बघायला चालले आहे. त्यावर तो म्हणाला, फोटो पाठव. मी फोन आपटलाच.

कारण गेल्या दिवाळीतली शिडी शेवटची होती. हौसाबाईचा भाऊ, कोंडाजी, पावसाळ्याच्या आधी झाडावरून पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. आता तो काठी टेकत अंगणापर्यंत येतो, त्यापुढे नाही. मुलांनी त्याला सांगितले की वरच्या कॅम्पवाल्यांनी नळीत लोखंडी शिडी ठोकली आहे, आत्या तिच्यावरून येईल, तुम्ही कशाला जीव काढता? ती शिडी पाहुण्यांची, असे तो म्हणाला म्हणे. आणि मग भादवा-आश्विनभर अंगणात बसल्या बसल्या त्याने कळक तासले, पायऱ्या तासल्या, वाख वळला, गाठी मारल्या. दिवाळीच्या आधी त्याच्या दोन्ही मुलांनी ती शिडी खालून खांद्यावर वाहत आणून कातळातल्या जुन्या खोबणींत रोवली आणि मुले आपापल्या कामावर परत गेली. पुढल्या वर्षी आपल्या हातून हे होणार नाही, हे कोंडाजीने फोनवर हौसाबाईला स्वतःच सांगितले होते. हे मला सांगताना ती चुलीतले लाकूड उगाच मागेपुढे करत राहिली.

कॅम्पवाले म्हणजे कोण, ते सांगायला हवे. दोनेक वर्षांपूर्वी शहरातल्या कुणा कंपनीने वाडीच्या माळावर तंबू ठोकले. त्यांनी घळीचे बारसे केले, 'मिस्टिक कॅन्यन'. ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या बायका माहेरी गेल्या, त्या वाटेला हे नाव! दिवाळीच्या सुटीत गाड्यांची रांग पार धरणाच्या रस्त्यापर्यंत लागते. डोक्यावर शिरस्त्राणे, मनगटाला रंगीत पट्ट्या, छातीवर कॅमेरे बांधलेली माणसे घळीत उतरतात, भुयारातून रांगत जातात, शिडीवर उभे राहून एकमेकांचे चित्रण करतात आणि वर येऊन म्हणतात, काय अनुभव होता! मी निसर्ग पाहायला येणाऱ्यांच्या विरुद्ध नाही. मीही तिथे पाहुणीच आहे. पण पाहुण्याने घरच्या माणसाला ओसरीवरून उठवू नये, एवढे तरी कळायला कोणती पदवी लागते? भाऊबिजेच्या आदल्या रात्री माळावर शेकोटी पेटली होती, गाणी चालली होती, आणि हौसाबाईच्या ओसरीवर पडल्या पडल्या मी नुसतीच कूस बदलत होते.

सकाळी हौसाबाईने नवे लुगडे नेसले. टोपलीत करंज्या, नाचणीचे लाडू, भावासाठी पांढरी टोपी, आणि ओवाळायचे ताट फडक्यात गुंडाळलेले. आम्ही दोघी माळावरून निघालो. कॅम्पाजवळून जाताना शेकोटीची विझलेली राख वाटेतच होती, आणि हौसाबाई तिथे थबकली. राखेत एक अर्धवट जळलेले लाकूड पडले होते. तिने टोपली खाली ठेवली, ते लाकूड उचलले, त्याच्या टोकाशी करपलेला वाख होता, त्यावरून अंगठा फिरवला. मला वाटले ती रडेल. ती रडली नाही.

"बाई, ही आमच्या दादाची गाठ हाय," ती म्हणाली.

मला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा डोक्यात तिडीक गेली. मी तशीच तंबूंकडे वळले आणि तिथल्या व्यवस्थापकाला, एका नारिंगी जॅकेटातल्या तरुणाला, चहाच्या कपासकट समोर उभे केले. तो नम्र होता. या लोकांची नम्रता हीच मला अधिक खुपते. उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येते. तो म्हणाला, मॅडम, ती जुनी शिडी होती, पाहुणे चुकून तिच्यावर चढतील म्हणून सुरक्षेसाठी काढून टाकली, आणि लाकूड वाळलेले होते म्हणून मुलांनी शेकोटीला घेतले. जुनी! आठवडाभरापूर्वी रोवलेली, जिच्यावर एकाही माणसाचे पाऊल पडलेले नव्हते अशी शिडी जुनी? लाकडाची आहे, वाखाने बांधली आहे, बोल्ट नाहीत, म्हणून जुनी? मी काय काय बोलले ते सगळे इथे लिहीत नाही. मी ओरडत होते आणि समोर दोन मुली मोबाईल धरून माझे चित्रण करत होत्या, एवढे आठवते. कुठेतरी कुणाच्या तरी फोनमध्ये मी अजूनही ओरडते आहे. माझे ऐकून झाल्यावर तो म्हणाला, सॉरी मॅडम, आम्ही मावशींना दुसरी शिडी देऊ ना, ॲल्युमिनियमची.

विचार करा, ज्या वाडीतल्या बाईला रानातली ओली फांदी तोडायची चोरी आहे, जी सरपणासाठी वाळक्या काटक्या वेचत फिरते, तिच्या भावाची शिडी करमणुकीच्या जाळासाठी जाते, आणि त्यावर उतारा म्हणून ॲल्युमिनियम! आपल्या काळाचे असेच झाले आहे की काय? जे मोडले ते काय होते हे जाणून घ्यायच्या आधीच आपण त्याच्या बदली काय द्यायचे ते ठरवून मोकळे होतो. आपण क्षमा मागतो तीही चहा थंड होऊ न देता. मी त्याला विचारले, तुला बहीण आहे का? आहे, म्हणाला, नाशकात असते. मग आज तू इथे काय करतोस? सीझन आहे मॅडम, म्हणाला. क्षणभर मला त्याची कीव आली, आणि राग येत असताना कीव येणे यासारखा वैताग दुसरा नाही.

ते जळके लाकूड हौसाबाईने टोपलीत घातले नाही, राखेतच ठेवले, टोपली डोक्यावर घेतली आणि वाटेला लागली. मी मागून धावले. घळीच्या तोंडाशी बांबूचा आडवा अडसर होता आणि त्यापाशी पट्टीवाल्यांची रांग. तिथल्या माणसाने आम्हाला अडवले. आज फार गर्दी आहे, बुकिंगवाल्यांनाच सोडतोय, गावच्या लोकांना दुपारनंतर. दुपारनंतर? दुपारनंतर उतरायला लागले तर अंधार घळीतच गाठतो, आणि ओवाळायचे तर दिवेलागणीला खाली पोचायला हवे. नाहीतर रस्त्याने जायचे. म्हणजे आधी घोटी, मग कसारा, मग पुढे मिळेल ते वाहन, आणि तेही भाऊबिजेच्या दिवशी, जेव्हा एसटीच्या दारातही उभे राहायला जागा नसते. पायाखालच्या गावाला जायला तीन जिल्हे ओलांडायचे! मी पुन्हा आवाज चढवणार तेवढ्यात हौसाबाईने माझा दंड धरला आणि मला बाजूच्या करवंदीच्या जाळीतून वाकून आत नेले. वाडीतल्या माणसांची घळीत उतरायची ती दुसरी वाट, तिथे अडसर नव्हता.

घळीत शिरलो तेव्हा आमच्या पुढे काही पट्टीवाले, मागे बरेच. पाणी बर्फासारखे गार. एरवी त्या पाण्यातून जाताना मी मुकी होते, त्या दिवशी मात्र घळ बाजारासारखी गजबजली होती. कुणाच्या छातीवरच्या डबीतून संगीत वाजत होते आणि भिंती ते परत फेकत होत्या. शिळेपाशी आलो. पुढचे लोक भुयारातून गेले, आणि आम्ही शिरणार एवढ्यात मागून तो नारिंगी जॅकेटवाला धापा टाकत आला. मावशी, तुम्हाला सांगितले होते ना. शिडीवर एका वेळी एकच माणूस, खाली दोरखंड लावलेत, तुमच्या डोक्यावर हेल्मेट नाही, काही झाले तर जबाबदारी कोणाची? तो मागच्या लोकांना म्हणाला, तुम्ही या पुढे.

आणि मग हौसाबाईने जे केले ते मला सुचले नसते, कारण मला ओरडायचे सोडून काही सुचतच नाही. ती भुयाराच्या तोंडात शिरली, आणि जिथे ते इतके निमुळते होते की एका माणसाला जेमतेम रांगत जाता येते, तिथे पाय पसरून खाली बसली. टोपली मांडीवर घेतली. डोंगराला भेग पडल्यापासून त्या जागी बसायचे कुणाला सुचले नसेल. आता तिला ओलांडून मुंगीलाच काय ते जाता आले असते.

"मला बी घाई न्हाई मंग," ती आतून म्हणाली. "दुपार झाली की सगळीच मिळून जाऊ."

मागे रांग तुंबली. पाण्यात उभे असलेल्यांचे पाय गारठू लागले. आधी कुणी हसले, मग कुणी कुरकुरले, मग कुणीतरी, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण रागातही खरे सोडू नये, कुणीतरी म्हणाले, अरे जाऊ द्या ना त्यांना, त्यांचीच वाट आहे. त्या माणसाचे तोंडही मी पाहिले नाही. व्यवस्थापकाने इकडे तिकडे पाहिले आणि हात हलवला. जा मावशी. हौसाबाई उठली, लुगडे झटकले आणि रांगत पलीकडे निघाली. तिच्यामागून मी, गुडघे सोलून घेत.

पलीकडे ती लोखंडी शिडी होती, पिवळ्या रंगाची, कातळात बोल्ट मारून घट्ट बसवलेली. नावे ठेवायला जागा नाही अशी शिडी! आणि तिच्या शेजारीच, कातळाच्या कडेवर, दोन खोबणी होत्या. वर्षानुवर्षे कळकाची टोके टेकून टेकून झिजलेल्या, वाटीएवढ्या खोल, रिकाम्या. हौसाबाईने टोपलीतून कुंकवाची डबी काढली. मी पाहत होते, ती कुंकू कुठे वाहते ते. लोखंडाकडे तिने पाहिले नाही. दोन्ही खोबणींत तिने हळद वाहिली, कुंकू वाहिले, हात जोडले. खाली दोर धरून उभ्या असलेल्या तरुणाने वर पाहून विचारले की आजी, हे परत एकदा कराल का, व्हिडिओ घ्यायचा राहिला. मी त्याला काय म्हटले ते मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी म्हटले नव्हते. हौसाबाई पिवळ्या शिडीवरून सावकाश उतरली आणि मीही उतरले. ती शिडी जराही हलली नाही, हेही सांगून टाकते.

मग ते लांबलचक उतरणे. पट्टीवाले शिडीपाशी रेंगाळून मागे वळले आणि घळ पुन्हा आमची झाली. पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, एक शिळकरी पक्षी शीळ घालत आमच्यापुढे दगडादगडावरून जात राहिला. एरवी मी अशा वेळी विरघळून गेले असते. पण मला आतल्या आत एकच प्रश्न कुरतडत होता. अंगणात बसून दोन महिने जिच्यावर हात चालवला त्या शिडीचे काय झाले, हे त्या माणसाला काय सांगायचे? मी हौसाबाईला विचारले. ती म्हणाली, बघू. थोडे उतरल्यावर पुन्हा विचारले. आता ती टोपली सावरून पुढच्या दगडावर उतरली. सांगायचेच, असे मी माझ्यापुरते ठरवले होते. खरे सांगायचे, सगळे सांगायचे, त्या खालच्या गावाने उठून वर यावे आणि जाब विचारावा इतके स्पष्ट सांगायचे. प्रत्येक दगडावर पाय ठेवताना मी मनातल्या मनात एक एक वाक्य घासूनपुसून तयार करत होते, आणि ती वाक्ये फार चांगली झाली होती.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हे तिरपी झाली होती. कोंडाजी अंगणात बाजेवर बसला होता, धुतलेला सदरा घालून, तोंड डोंगराकडे करून. बाजेखाली कळकाच्या ढलप्या अजून पडलेल्या होत्या. मला पाहून त्याने हात जोडले. हौसाबाईच्या वहिनीने पाणी आणले, पाट मांडला, पण त्याला बाजेवरून उतरता येईना, तेव्हा पाट तसाच राहिला. हौसाबाईने फडके सोडले, ताटात निरांजन लावले, त्याला नवी टोपी घातली, कुंकू लावले. ती ओवाळू लागणार एवढ्यात त्याने विचारले, "शिडी कशी हुती गं?"

ताट तिच्या हातात होते. ज्योत दोघांच्या मध्ये होती. मी तोंड उघडले, आणि हौसाबाईने माझ्याकडे असे पाहिले की ते मला मिटावे लागले.

"काढली दादा त्यांनी. जळनाला नेली," ती म्हणाली.

वहिनीचा हात थांबला. कोंडाजीने विचारले, "तू उतरायच्या आदी का मागनं?"

"मागनं. मी खाली पोचले, मंगच हात लावला त्यांनी."

"हलली का?"

"जरा बी न्हाई."

त्याने डोळे मिटले. त्याच्या खांद्यांवरचे काहीतरी उतरले हे मला समोरून दिसले. "मंग नेऊ दे," तो म्हणाला. "तुज्यापायी केली हुती. तू उतारलीस, झालं." आणि मग त्याने मान पुढे केली, ओवाळून घेण्यासाठी.

माझी ती घासूनपुसून तयार केलेली वाक्ये माझ्या घशातच राहिली. मी करंजी खाल्ली, लाडू खाल्ला, आणि रात्री त्यांच्या पडवीत निमूट झोपले. लोक म्हणतात, एवढ्या प्रेमाचे दर्शन घडल्यावर राग शमायला हवा. माझा शमलेला नाही, आणि तो शमावा अशी माझी इच्छाही नाही. लाकूड जाळले ते एक वेळ मी विसरेन. रानात कळक पुन्हा उगवतात. पण हौसाबाईला इतक्या वर्षांत मी एकदाही खोटे बोलताना ऐकले नव्हते. दुधात पाणी पडले तर तेही ती आपणहून सांगायची. त्या बाईला भाऊबिजेच्या दिवशी, पेटलेले निरांजन हातात धरून, सख्ख्या भावाच्या डोळ्यांत बघत खोटे बोलावे लागले, आणि ते तिने एका जागीही न अडखळता बोलून दाखवले. हे मी त्या कॅम्पवाल्यांना कधीच माफ करणार नाही.